तक्रार माहेरच्यांविरुद्ध

बाईवरच्या घरगुती हिंसाचारासाठी आपल्याकडे जी काही मदत उभी आहे, ती नवरा आणि सासर डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. हुंडाबळींच्या काळात ते व्हायलाच हवं होतं. पण मी लेस्बियन आहे, माझं लग्न झालेलं नाही आणि मला मारणारा माझा सख्खा भाऊ होता. खोलीला बाहेरून कडी घालणारे माझे वडील होते. मदत मागायला जिथे जिथे गेले तिथे पहिला प्रश्न आला, "मिस्टर काय करतात?" खरं काय ते सांगितल्यावर दुसरा आला, "अहो, आईवडील कशाला वाईट करतील पोरीचं?"

तरीही मदत मिळाली, आणि ती कुठून, कशी मिळाली ते मी सविस्तर लिहिणार आहे. ज्या मुलीला हे वाचायची खरी गरज आहे तिचा फोन आज बहुधा काढून घेतलेला असेल. म्हणून तिच्या जोडीदाराने, मैत्रिणींनी, ऑफिसातल्या सोबतच्या लोकांनी हे जास्त नीट वाचावं. माझी सुटका बाहेरूनच सुरू झाली.

मी पुण्यात नोकरी करते. जोडीदार आणि मी एकत्र राहतो. घरच्यांच्या लेखी ती माझी रूममेट. २०२४ च्या दिवाळीत तालुक्याच्या गावी घरी गेले होते. भावाने माझा फोन उघडून आमचे मेसेज वाचले आणि त्याच रात्री मला मारलं, आधी हाताने, मग पट्ट्याने. फोन, लॅपटॉप, पर्स, आधार कार्ड, सगळं काढून घेतलं. मला माडीवरच्या खोलीत ठेवलं. आत्या जिन्याच्या तोंडाशी बसायची. जेवणाचं ताट वेळेवर यायचं. आई ते उंबऱ्याच्या आत सरकवायची आणि माझ्याकडे न बघता खाली जायची. मध्ये एकदा मला गाडीत घालून एका डॉक्टरकडे नेलं. 'असल्या केसेस' ते बऱ्या करतात असं कुणीतरी वडिलांना सांगितलं होतं. भाऊ एकच वाक्य रोज ऐकवायचा: "पोलिसांत गेलीस तर तुलाच आत टाकतील."

हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं, याचा मला त्या खोलीत फार आधार वाटला. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने नवतेज सिंग जोहर खटल्यात, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तिच्यात तर ते कलमच नाही. कुणी कुणावर प्रेम करतं एवढ्यावरून पोलीस कुणालाही अटक करू शकत नाहीत. ही धमकी इतक्या घरांत चालते की हे जितक्यांना सांगता येईल तितक्यांना सांगावं.

पुण्यात माझ्या जोडीदाराला माझ्या नंबरवरून मेसेज गेला, की नोकरी सोडते आहे, यापुढे संपर्क करू नकोस. मेसेजमध्ये तिचं पूर्ण नाव लिहिलं होतं. मी तिला कधीही त्या नावाने हाक मारत नाही. तिने लगेच ११२ ला फोन लावला. आमच्या गावातल्या ठाण्यातून दोघेजण घरी आले. वडिलांनी त्यांना चहा दिला, 'घरचा मामला आहे' म्हणाले. मला खाली बोलावलं आणि एकाने विचारलं, "काय गं, काही त्रास आहे का?" भाऊ माझ्या पाठीशी उभा होता. मारणाऱ्याच्या समोर विचारलेल्या प्रश्नाला जे उत्तर येतं तेच आलं. 'मुलगी घरी सुखरूप' अशी नोंद करून ते गेले.

इथे बऱ्याच जणी हरतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या जोडीदाराने दुसरी वाट धरली. समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्था आपल्याकडे आहेत. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, लाबिया हा बायकांचा आणि ट्रान्स व्यक्तींचा गट १९९५ पासून, आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट. अशा ओळखींतून एकीकडून दुसरीकडे फोन करत ती एका कार्यकर्त्या ताईंपर्यंत पोचली. ताईंचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या कामाला ते बरं नाही.

ताईंनी आधी तिला शांत बसवलं आणि मग कागद मागितले. मी सज्ञान आहे याचा पुरावा कुठे आहे? माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटचा फोटो आमच्या जुन्या मेलमध्ये सापडला. मी परत पुण्याला येणार होते हे दाखवणारं काही आहे का? बसचं परतीचं तिकीट तिच्याच फोनवर होतं. ऑफिसमधलं कोण लेखी देईल? तिने माझ्या ऑफिसला फोन करून एवढंच सांगितलं की माझ्याशी संपर्क होत नाही, घरातून काही वेगळंच सांगताहेत. आमच्या नात्याबद्दल चकार शब्द नाही. ऑफिसने साध्या दोन ओळी मेल केल्या: ही न कळवता गैरहजर राहिलेली नाही, आम्हाला काळजी वाटते. या दोन ओळींचं वजन पुढे फार पडलं, कारण त्या लिहिणाऱ्यांचा या भांडणाशी काहीच संबंध नव्हता.

मग अर्ज. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०० आहे: कुणाला बेकायदा कोंडून ठेवलं आहे असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं तर ते शोध वॉरंट काढून त्या व्यक्तीला समोर हजर करायला सांगू शकतात. त्याखाली प्रांत कार्यालयात अर्ज गेला आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना मेलने. अर्जात सुप्रीम कोर्टाच्या ११ मार्च २०२४ च्या निकालाचा उल्लेख होता. देवू जी. नायर विरुद्ध केरळ राज्य. तोही घरच्यांनी अडकवून ठेवलेल्या एका मुलीचा आणि तिच्या जोडीदाराचा खटला. अशी प्रकरणं कोर्टाने लांबणीवर टाकू नयेत, अर्ज करणारी व्यक्ती तिची कोण लागते याच्या चिकित्सेत अडकू नये, कोंडलेल्या व्यक्तीशी एकांतात, कुणाच्या दबावाशिवाय बोलावं, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिची लैंगिकता बदलायचा प्रयत्न करू नये, असं त्यात स्वच्छ सांगितलंय. ही मार्गदर्शक तत्त्वं उच्च न्यायालयांसाठी आहेत. पण तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर सुप्रीम कोर्टाचा कागद आला की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

या वेळी गाडीतून एक महिला हवालदार आल्या. घरात काही विचारलंच नाही. "ठाण्यात चल, जबाब घ्यायचाय," एवढंच. वडील सोबत यायला निघाले तर त्यांना मागच्या गाडीत बसवलं. ठाण्यात एका खोलीत दार लावून त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "आता सांग, तुला कुठं जायचंय?" मी पुणे म्हटलं. सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने जाते आहे, जीवाला धोका भावाकडून आहे, असा जबाब त्यांनी लिहून घेतला. त्यात अजून एक ओळ होती. मी घरातून निघताना अंगावर काय होतं: एक पंजाबी ड्रेस, चपला, दागिना नाही, पैसे नाहीत. ती ओळ ताईंनी फोनवरून मुद्दाम घालून घेतली होती. पुढच्याच आठवड्यात भावाने तक्रार दिली की मी आईच्या बांगड्या चोरून पळाले. ती तक्रार त्या एका ओळीपुढे टिकली नाही. मुली निघाल्या की मागोमाग चोरीची तक्रार येते, हे ताईंना अनुभवाने माहीत होतं.

पुण्यात पोचल्यावर आधी सरकारी दवाखान्यात गेलो. तक्रार नंतरही देता येते. वळ थांबत नाहीत. कॅज्युअल्टीत 'मारहाण झाली आहे, एमएलसी करा' असं स्पष्ट म्हणायचं. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. ती झाली की दवाखाना स्वतःच पोलिसांना कळवतो. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, पण त्यांनी काम मनापासून केलं. प्रत्येक वळ किती सेंटिमीटरचा, कुठे, रंग काळानिळा की पिवळट, हे त्यांनी एकेक करून लिहिलं. रंगावरून जखम किती जुनी याचा अंदाज लागतो, आणि माझ्या पाठीवर दोन्ही रंग होते. मार एकदा नाही, पुन्हा पुन्हा बसला हे त्या कागदाने सांगितलं, मला सांगावं लागलं नाही. 'कशाने' या प्रश्नाला मी पट्टा म्हणाले, 'कुणी' ला भाऊ म्हणाले, आणि दोन्ही तसंच्या तसं कागदावर आलं.

तक्रार पुण्यातल्याच ठाण्यात दिली. गुन्हा कुठेही घडलेला असो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो. शून्य क्रमांकाने नोंद होते आणि मग कागद त्या हद्दीत जातात. ज्या गावातून जीव मुठीत धरून निघालो तिथे परत जाऊन तक्रार देण्याची सक्ती नाही, ही फार मोठी गोष्ट आहे.

पण ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी 'एनसी घेतो' म्हणून सुरुवात केली. एनसी म्हणजे अदखलपात्र. साधी मारहाण, शिवीगाळ, दमदाटी यांची एनसी होते. तिची प्रत हातात मिळते आणि तपास मात्र होत नाही. माझी वकील शेजारी बसली होती. तिने आवाज न चढवता विचारलं, "साहेब, कोंडून ठेवलं हे कुठे आलं?" न्याय संहितेच्या कलम १२७ खाली माणसाला कोंडून ठेवणं दखलपात्र आहे, आणि तीन दिवस किंवा त्याहून जास्त कोंडलं तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. माझी कैद त्याहून लांबली होती. साहेबांनी पुस्तक उघडून पाहिलं आणि एफआयआर लिहायला घेतली. मारहाण तर मारहाण, पण कडी बाहेरून होती, खाली जायची परवानगी नव्हती, फोन नव्हता, हे सगळं सांगितल्याशिवाय उठू नका. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवायही उठू नका. आणि तपासात काय झालं ते नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तारीख लक्षात ठेवा.

'कारण काय?' या रकान्याशी आम्ही बराच वेळ थांबलो. साहेब लिहू पाहत होते, 'घरगुती वादातून'. मी लेस्बियन आहे म्हणून मला मारलं. पट्टा उगारताना भाऊ जे शब्द बोलत होता ते सगळे त्याबद्दलचेच होते. आपल्या देशात लैंगिकतेवरून केलेल्या हिंसेला वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा मानणारा कायदा नाही. त्यामुळे 'घरगुती वाद' लिहिलं की द्वेष कागदावरून नाहीसाच होतो. मी भावाची वाक्यं आहेत तशी लिहून घ्यायला सांगितली. ती लिहिताना साहेबांची पेन अडखळत होती. पण लिहिली. हे मात्र जिचं तिने ठरवायचं. एफआयआर आरोपीच्या हाती जाते, गावात फिरते, आणि नात्याचा उल्लेख न करताही कोंडण्याचा आणि मारण्याचा गुन्हा पूर्ण सिद्ध होऊ शकतो. कुणाही संस्थेने, वकिलाने, जोडीदारानेसुद्धा, 'खरं काय ते लिहाच' असा आग्रह धरू नये.

राहायचं कुठे हा प्रश्न याच्या जोडीनेच आला. आमच्या भाड्याच्या घराचा पत्ता भावाला ठाऊक होता. जिल्ह्याजिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, एकाच छताखाली डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन मिळतं, आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला की तिथवर पोचता येतं. पण माझा सगळ्यात वाईट अनुभव पोलिसांकडचा नाही, एका समुपदेशक बाईंचा आहे. कुठल्या ते सोडून देते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, डोकं हलवलं आणि दुसऱ्या दिवशी मला न विचारता वडिलांना फोन केला. 'समेट होत असेल तर बरं.' मी कुठे आहे हे घरी कळलं. त्या संध्याकाळीच ताईंनी मला तिथून हलवलं आणि पुढे बरेच दिवस मी त्यांच्या ओळखीच्या एका बाईंकडे राहिले.

समेट हा शब्द नवराबायकोच्या प्रकरणांत कामाचा असेल. माझ्या बाबतीत समेटाची अट एकच होती, मी दुसरी कुणीतरी व्हावं. यावर मध्यममार्ग नसतो. हे ज्या समुपदेशकाला कळत नाही त्याच्याकडे आपण पाठवलेली मुलगी सुरक्षित नाही, असं मी आता कुठल्याही संस्थेला तोंडावर सांगते. मुक्कामाला जाण्यापूर्वी विचारून घ्यावं: माझ्या परवानगीशिवाय घरी फोन कराल का? फोन जवळ ठेवता येईल का? जोडीदार भेटायला आली तर चालेल का? उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरी जागा बघावी.

उलट अनुभव महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात आला. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हा कक्ष सुरू केला, आता तो राज्यभर पोलिसांच्या आवारातच असतो. तिथे खुर्चीवर समाजकार्य शिकलेली माणसं असतात. आमच्या कार्यकर्तीने पहिल्याच भेटीत विचारलं, "तुझ्या माणसांत कोण कोण आहे?" आणि मी जोडीदाराचं नाव घेतल्यावर ते माझ्या फाइलवर 'संपर्क' म्हणून लिहिलं. त्या दिवसांत इतकं साधं वागणं मला कुठे मिळालं नव्हतं.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आपल्याला लागू होतो, हे मला तिथेच कळलं. हा कायदा फक्त बायकोसाठी आहे असं सगळेच धरून चालतात, अधिकारीसुद्धा. पण त्यातलं 'कौटुंबिक नातं' रक्ताच्या नात्यालाही लागू आहे. अविवाहित मुलगी वडिलांविरुद्ध, भावाविरुद्ध अर्ज करू शकते. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर घरातल्या बायकांविरुद्धही करू शकते. म्हणून आमच्या अर्जात आत्याचं नाव आलं. आईचं मी घातलं नाही. कलम २७ प्रमाणे मी तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, गावी तारखांना जावं लागत नाही. कोणाही बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००.

अर्ज लिहिताना वकिलाने मला कलम १८ वाचून दाखवलं. संरक्षण आदेशात कोर्ट त्या लोकांना काय काय करायची मनाई करू शकतं याची ती यादी आहे: हिंसा करायची नाही, नोकरीच्या जागी यायचं नाही, कुठल्याही मार्गाने संपर्क साधायचा नाही. आणि यादीत पुढे, पीडितेला मदत करणाऱ्या कुणाही व्यक्तीवर हिंसा करायची नाही. वकील थांबली आणि माझ्या जोडीदाराकडे बघून म्हणाली, "या तुम्ही." आमचं लग्न कायद्याला मान्य नाही, १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने तो हक्क नाकारला. ठाण्यात, दवाखान्यात, सगळीकडे 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला ती 'मैत्रीण' म्हणत आली होती. पण या कलमाला नात्याचं नाव लागत नाही. 'मदत करणारी व्यक्ती' म्हणून तिचं नाव आदेशात येऊ शकत होतं, आणि आलं.

समोरच्यांना न ऐकताही तातडीचा अंतरिम आदेश कलम २३ खाली मिळतो. आम्हाला पहिल्याच तारखेला मिळाला. सुनावणी बंद दाराआड व्हावी ही मागणीही कलम १६ खाली करता येते; ती नक्की करा. माझी सर्टिफिकेटं, आधार, लॅपटॉप परत करायचा हुकूम त्याच अर्जात मागितला होता. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत वस्तू आल्या. लॅपटॉप आला नाही, अजून भांडण चालू आहे.

मिसिंगची तक्रार येणार हे गृहीत धरून आम्ही आधीच दोन्ही ठाण्यांना आणि अधीक्षकांना पत्र पाठवलं होतं: मी सज्ञान, हरवलेली नाही, स्वखुशीने राहते, सोबत ओळखपत्राची प्रत. स्पीड पोस्टने पाठवलं, पोचल्याचा पुरावा जपून ठेवला आणि तेच मेलही केलं. पत्त्याच्या जागी वकिलाचा पत्ता. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्याने रात्रीबेरात्री दारावर येणारे पोलीस टळतात.

त्या डॉक्टरबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'कन्व्हर्जन थेरपी', म्हणजे उपचाराच्या नावाखाली लैंगिकता बदलायचा प्रयत्न, हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की समाजाच्या नैतिक मूल्यांशी जुळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. त्या डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्या ड्रेसच्या खिशात राहिली होती. तिच्यावरून मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आहे. अजून उत्तर नाही.

खूप उशिरा माझी झोप उडाली. सगळं मार्गी लागल्यावर. जिन्यावर पावलं वाजली की हात थंड पडायचे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्री मराठीत बोलायला माणूस मिळाला, त्याने निदान सकाळपर्यंत निभावून नेलं. कायमची समुपदेशक मात्र आम्ही शोधून घेतली: क्विअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा लोकांसोबत कसं काम करायचं याचं प्रशिक्षण मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह देतं, ते घेतलेली. पहिल्या तासात तिला माझी लैंगिकता समजावून सांगावी लागली नाही. तेवढ्यानेच अर्धं काम झालं.

एक गोष्ट मला सतत टोचते. मला वाचवणारे जवळपास सगळे दरवाजे कागदावर मी 'स्त्री' असल्यामुळे उघडले. माझा एक गे मित्र आहे, त्यालाही घरच्यांनी असंच मारलं. त्याला २००५ चा कायदा नाही, सखी केंद्र नाही, १८१ नाही. मोफत वकिलासाठीही उत्पन्नाची अट. न्याय संहितेतून ३७७ गेलं ते बरंच झालं, पण त्यासोबत सज्ञान पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी असलेलं एकमेव कलमही गेलं आणि त्याजागी काही आलं नाही. ट्रान्स व्यक्तींसाठी २०१९ मध्ये जो कायदा झाला त्याच्या कलम १८ मध्ये शारीरिक, लैंगिक, मानसिक अशा सगळ्या अत्याचारांना मिळून शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहेत. ट्रान्स व्यक्तीच्या शरीराची किंमत कायद्याने इतकी कमी धरावी, याचा मला मनापासून राग आहे. अशा मित्रांसाठी वाट आहे ती कोंडणं, दुखापत, खंडणी, धमकी यांची साधी कलमं, कलम १०० चा अर्ज, आणि संस्थांची सोबत. ती वाट अरुंद आहे, पण तिच्यावरून बाहेर आलेली माणसं मी बघितली आहेत. म्हणून त्यांना पहिला फोन वकिलाला नाही, संस्थेला करायला सांगते.

गेल्या महिन्यात भावाने चुलतभावाच्या नंबरवरून मला मेसेज पाठवला, त्यात जोडीदाराला धमकी होती. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मेसेजचा स्क्रीनशॉट काढला, मूळ मेसेज डिलीट केला नाही, आदेशाची प्रत घेतली आणि दोघी ठाण्यात गेलो. कलम ३१ खाली गुन्हा नोंदवून घेतला. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे.